एकटीच्या कमाईत दोन पैसे मागे कसे टाकायचे?

प्रश्न: मी धायरीत राहते, मिस्टर गेले, मुलगी तिसरीत आहे. पोळ्या-भाजीचे डबे करते, सोसायटीतल्या काकू ऑर्डरी मिळवून देतात म्हणून भागतंय पण महिनाअखेर हातात काहीच उरत नाही, काय करू?

उत्तर: ताई, आधी बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरा, एकल पालकाच्या मुलाला महिना २२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. पैसे कधीकधी उशिरा येतात हं, त्यावर घरभाडं धरू नका.

उत्तर: बचत गटात जाच! मी गटाच्या कर्जातून कणीक मळायचं मशीन घेतलं, पहाटेचा खांदा दुखायचा थांबला आणि डबेपण वाढले. सावकाराकडे मात्र अजिबात नको.

प्रश्नकर्ती: खूप आभार, काकूंच्या गटात जागा आहे म्हणे, उद्याच विचारते.