ॲडव्हेंचर बाइक मातीत न्यायची, तर आधी पैसे कशावर घालायचे?

मातीवेडा: नवी बाइक आली की लोक आधी लोखंड चढवतात. क्रॅशगार्ड, रॅक, ॲल्युमिनियमच्या पेट्या, चार-चार फॉग लाइट. हे वजन बहुतेक वर नाहीतर मागे जातं. मग वाळूत पुढचं चाक भरकटतं आणि दोष टायरला.

माझं मत, आधी टायर आणि सस्पेन्शन. सॅग, म्हणजे आपल्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं, ते मोजायला तर फक्त टेप लागतो. हेल्मेट-बूट-जॅकेट सगळं घालून बसल्यावर सस्पेन्शन एकूण ट्रॅव्हलच्या (ते जास्तीत जास्त जेवढं दबू शकतं त्याच्या) साधारण 30 टक्के दबलं पाहिजे, म्हणजे 200 मिमी असेल तर 60च्या आसपास. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, सगळा आवळूनही जास्तच दबत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. ती बदला, मग बाकीची हौस करा.

दगडधोंडे: तुमची बाइक अजून दगडावर बसलेली दिसत नाही! माझी बसली. खाली कंपनीची पातळ प्लास्टिकची प्लेट होती. इंजिनची केस ड्रेन बोल्टपाशी तडकली, तेल सगळं मातीत. बाइक ओढत आणली. तेव्हा सॅग घेऊन काय चाटायचा होता? आधी इंजिनखाली जाड बॅश प्लेट आणि आतून धातूची पट्टी असलेले हॅन्डगार्ड. जागच्या जागी आडवी झाली तरी क्लच लिव्हर तुटतो, आणि पुढचा रस्ता लिव्हरशिवाय काढायचा म्हणजे वैताग.

मातीवेडा: बॅश प्लेटला कोण नाही म्हणतंय? माझा राग क्रॅशगार्डच्या पिंजऱ्यावर आणि पेट्यांवर आहे. घसरताना पाय टेकवला की पेटी पोटरीवर येते. कापडी बॅगा बऱ्या. आणि बाइक दगडावर बसली का, तर सस्पेन्शन तळाला गेलं म्हणूनच ना?

दगडधोंडे: दरवेळी नाही. दगड उंच असेल तर स्प्रिंग काय करणार?

एकदात: तुमचं चालू द्या. मी पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) 15 दातांचा 14चा केला, बस. गिअरिंग जवळपास 7 टक्क्यांनी उतरलं. आता चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळावा लागत नाही. हायवेवर इंजिन जरा ओरडतं, ओरडू दे.

पंक्चरवाला: कोणी हवेचं बोललंच नाही. मातीत प्रेशर उतरवा, फुकटात पकड वाढते. फक्त ट्यूबवाली चाकं असतील तर हात आखडता ठेवा. रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते, साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरा. पंप विसरलात तर ढकलत या.

दगडधोंडे: बरं, सॅग मोजतो. पेट्याही काढतो. क्रॅशगार्ड मात्र राहणार. बाइक आडवी झाली की रेडिएटरच्या आणि दगडाच्या मध्ये तेवढाच एक येतो.

मातीवेडा: तो फ्रेमला कुठे बोल्ट केलाय ते आधी बघा. मार थेट माउंटवर बसला तर रेडिएटर वाचेल, फ्रेम वाकेल.