मदत हवी आहे: डॉसवरील फॉक्सप्रो प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर कसा न्यावा?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या ठिकाणच्या एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. ठेवी, कर्जे आणि पिग्मीचा हिशेब अजूनही डॉस या जुन्या प्रणालीसाठीच्या फॉक्सप्रो २.६ मध्ये (माहितीच्या तक्त्यांवर काम करणारी प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो, आणि आजवर तो चालला तो ३२-बिट विंडोज १० मधील एनटीव्हीडीएममुळे (डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा विंडोजचा भाग). त्या विंडोजचा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही आणि ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम कधीच नव्हते, कारण ते जुन्या १६-बिट प्रोग्रॅमसाठीच्या ज्या व्हर्च्युअल ८०८६ मोडवर उभे आहे तो मोड प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने चालत असताना उपलब्धच नसतो. त्यामुळे मायक्रोसॉफ्टला दोष देऊन उपयोग नाही.

नव्या विंडोजवर डॉस चालवणारे डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनवलेले असल्याने दोन काउंटरांवरून एकाच डीबीएफ फाइलमध्ये (फॉक्सप्रोची नोंदींची फाइल) नोंदी करण्यासाठी त्यावर विसंबण्याचे मला धाडस होत नाही. व्हीडॉस हे तसेच सॉफ्टवेअर व्यावसायिक प्रोग्रॅमसाठीच आहे. पण सामायिक फोल्डरवर रेकॉर्ड लॉकिंग (एकाने उघडलेली नोंद दुसऱ्याला बदलू न देणे) आणि यूएसबी डॉट मॅट्रिक्सवर पासबुकाची छपाई, या दोन्ही गोष्टी त्यावर रोजच्या कामात कोणी वापरल्या आहेत का?

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. सभासदांची मराठी नावे सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या (डॉसवर भारतीय लिप्या दाखवणारे कार्ड) काळात इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात भरलेली आहेत. कार्ड गेल्यापासून त्या रकान्यात व्यंजनांच्या जागी चौकटीच्या एकेरी-दुहेरी रेघा आणि काही मात्रांच्या जागी ठोकळे दिसतात, आणि प्रत्येक जोडाक्षरात मध्येच ग्रीक फाय डोकावतो. ही नावे युनिकोडमध्ये सुखरूप आणता येतील का? मूळ सोर्स कोड आमच्याकडे नाही, केवळ ईएक्सई (चालवायची तयार फाइल) आहे.

प्रतिसाद:

तो फाय म्हणजे तुमचा हलन्त आहे. इस्कीत हलन्ताचा क्रमांक २३२ आहे आणि डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या कोड पेजमध्ये (कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर दिसेल याचा तक्ता) त्याच जागी फाय बसतो. म्हणजेच विदा (डेटा) शाबूत आहे, बिघडले आहे ते फक्त दिसणे. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीवरूनच बेतलेला असल्याने बहुतेक अक्षरे एकास एक जुळतात. मात्र हलन्तापुढे पुन्हा हलन्त किंवा नुक्ता आला असेल तर ती जोडी स्वतंत्रपणे हाताळावी लागते, आणि गोऱ्हे, कुऱ्हाडे यांसारखी आडनावे रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालावीच लागतात. डीबीएफ वाचताना कोड पेजचे आपोआप होणारे रूपांतर बंद ठेवा, नाहीतर शाबूत विदाही तिथेच बिघडेल.

व्हीडॉसवर छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येते. लॉकिंगच्या बाबतीत मात्र कोणाच्या अनुभवावर जाऊ नका: विदेची प्रत घेऊन दोन्ही काउंटरांवरून एकच खाते एकाच वेळी दुरुस्तीसाठी उघडा, आणि दुसऱ्या काउंटरला अडवले गेले नाही तर तो मार्ग तिथेच सोडा. मग ३२-बिट विंडोज आभासी यंत्रात, इंटरनेटपासून तोडून ठेवणे उरते. तेही नवी प्रणाली येईपर्यंतच, आणि जुन्या वर्षांच्या खतावण्या लेखापरीक्षकांना दाखवण्यापुरते. माझ्या मते बदल ३१ मार्चच्या ताळेबंदानंतर करावा. शिलकी जुळवायला तोच सोयीचा मुहूर्त.

ईएक्सई फॉक्सप्रोची असेल तर तिच्यातून सोर्स कोड बराचसा परत मिळवता येतो, पण आधी संस्थेकडे त्याचे हक्क आहेत का ते करारात पाहा. करार सापडतो का?