दोह्याच्या उन्हाळ्यात बाहेर धावावं का?

गोदाकाठची (पंचवटी)
माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी कतारमध्ये दोह्याला आहे. इथे नाशकात असताना गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज पळायचा. तीच सवय तिथे जुलैतही चालू ठेवणार म्हणतो. "पहाटे चारला कुठलं आलंय ऊन?" हा त्याचा मुद्दा.

माझं म्हणणं, जून ते सप्टेंबर तिथे उघड्यावर पळूच नये. नाशकात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते आणि पहाटे गंगापूर रोडला बरं वाटतं. दोहा पडलं समुद्राकाठी. रात्री ऊन जातं नि दमटपणा वाढतो. पावसाळी हवेत माठातलं पाणी गार होत नाही, तसंच शरीराचं. घाम वाळलाच नाही तर अंग निवणार कसं? 2019 च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत दोह्याला महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. तापमान 33 च्या आसपास, आर्द्रता 73 टक्के. 68 जणी धावल्या, त्यातल्या 28 जणींनी शर्यत अर्धवट सोडली. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या हो!

वाळवंटी नाशिककर (दोहा)
ताई, काळजी पटते, निष्कर्ष पटत नाही. त्या 42 किलोमीटर जीव तोडून धावत होत्या. तुमचा भाऊ चार-पाच किलोमीटर सावकाश पळेल. इथे घर एसी, गाडी एसी, ऑफिस एसी. चार महिने असे काढले की वजन वाढतं, पाठ धरते, मन उदास होतं. हा धोका कुणी मोजत नाही. शिवाय उष्णतेची सवय होते: रोज थोडं थोडं बाहेर पडलं तर दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठही कमी जातं.

मी वेग बघतच नाही, नाडी बघतो. एसीतून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते. पुसली तरी पुन्हा पुन्हा धरत राहिली, तर त्या दिवशी नुसतं चालायचं.

सिडकोकर
आपल्याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली. वाटेत अ‍ॅरिझोनाचं वाळवंट होतंच की. तयारी असेल तर का अडवायचं?

गोदाकाठची
त्यांच्याबद्दल अभिमान आहेच. पण ते दोघे आळीपाळीने सायकल चालवत होते, सोबत गाडी आणि माणसं होती, आणि तिथली हवा कोरडी. माझा भाऊ पहाटे एकटा असणार. चक्कर येऊन पडला तर बघणारं कोण?

वाळवंटी नाशिककर
कतारचा कायदासुद्धा 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3:30 एवढंच उघड्यावरचं काम बंद ठेवतो. पहाटेला बंदी नाही.

निवृत्त सिस्टर (नाशिकरोड)
अर्धाच नियम सांगितलात, दादा. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून काढलेला उष्णतेचा निर्देशांक 32.1 च्या वर गेला, तर तिथे कोणत्याही वेळी काम थांबवावं लागतं. घड्याळ बघून उष्माघात टळत नाही.

मी आखातात नोकरी केली आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, की घरी नेऊन झोपवू नका. आधी सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि पळणाऱ्यांनी नुसतं पाणी पीत राहू नये, रक्तातलं मीठ उतरतं. एकट्याने पळायला माझा ठाम विरोध आहे.

वाळवंटी नाशिककर
सिस्टर, निर्देशांकाचं मान्य. आमचा गट आहे, एकटं कुणी पळत नाही. पण सरसकट बंदी मला मंजूर नाही.

गोदाकाठची
जुलै-ऑगस्टपुरता माझा विरोध कायम आहे, तेव्हा त्याने मॉलमध्येच चालावं. ऑक्टोबरपासून त्याला तुमच्या गटात घ्याल का? निरोप पाठवते.