गव्हावरचा तांबेरा : दोष हवेचा की वाणाचा?

गोदाकाठ (धागालेखक)
डिसेंबरात चार दिवस ढगाळ गेले की "हवा बिघडली, आता तांबेरा (गव्हावरचा बुरशीजन्य रोग) येणार" असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. शेजारच्या दोन वावरांत हवा तीच, धुके तेच, पाणीही एकाच चारीचे असते. तरीही लोक-१ या वाणाच्या पानावरून हात फिरवला की बोटे तांबूस होतात आणि बांधापलीकडचा त्र्यंबक (एनआयएडब्ल्यू-३०१) हा वाण जवळजवळ स्वच्छ राहतो. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात रोगाला पोषक अशा हवेतच नव्या वाणांची परीक्षा घेतली जाते आणि तिथेही काही वाण पूर्ण करपतात, तर काही तगतात. (आपली खपली तर खोडावरच्या म्हणजे काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी निवडलेल्या बारा गव्हांत याच नावाने आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?)

ढगाळ
दोन वावरांची तुलना करताना आपण हवा आधीच समीकरणातून वगळली आहे, मग उत्तर वाणाच्या बाजूने येणारच. थोडे दूरवर पाहा. पिवळ्या तांबेऱ्याला साधारण १० ते १५ अंश तापमान मानवते, म्हणून तो हिमालयाच्या पायथ्याशी आणि पंजाबात धुमाकूळ घालतो, आणि महाराष्ट्रातला सर्वांत दुबळा वाणही त्याच्यापासून सुरक्षित असतो. हे श्रेय वाणाचे नव्हे. तसेच आपल्या मैदानी उन्हाळ्यात या बुरशीचे बीजाणू जगत नाहीत. वनस्पतिरोगतज्ज्ञ करमचंद मेहता यांनी दाखवून दिल्याप्रमाणे ते डोंगरांत टिकतात. काळा तांबेरा दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या टेकड्यांवरून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतो आणि पाऊस त्याला पिकावर उतरवतो. वारा आणि पाऊस जुळून आले नाहीत तर रोगाला बळी पडणारा लोक-१ सुद्धा भरघोस पिकतो. नाहीतर त्याने इतकी वर्षे आपल्या चपातीत ठाण मांडले नसते.

तिसरी पाळी
आपण दोघेही बुरशीला स्थिर धरून चालला आहात. १९९५ साली प्रसारित झालेला पीबीडब्ल्यू-३४३ हा वाण उत्तरेत लाखो हेक्टरवर एकटाच उभा होता. पुढे त्याच्यातील वायआर-२७ या प्रतिकार देणाऱ्या जनुकाला न जुमानणारा पिवळ्या तांबेऱ्याचा प्रकार उपजला आणि २००८ नंतरच्या हंगामांत त्या भागाला मोठा फटका बसला. वाणाची प्रतिकारशक्ती ही एखाद्या जनुकावर उभी असेल आणि तोच वाण सगळ्यांनी पेरला, तर बुरशीला एकच कुलूप उघडायचे असते. त्यामुळे "प्रतिकारक वाण" हा शब्द मी तरी साल सांगितल्याशिवाय वापरत नाही.

गोदाकाठ
पीबीडब्ल्यू-३४३ चे उदाहरण मान्य आहे, मात्र ते माझ्याच बाजूचे आहे: तिथे हवेने नव्हे, वाणाच्या एकसुरीपणाने घात केला. ढगाळ यांच्या निलगिरीविषयी मात्र एक गोष्ट राहून गेली. निलगिरीतल्याच वेलिंग्टनच्या गहू संशोधन केंद्राने त्या टेकड्यांवरच प्रतिकारक वाण देण्याचा मार्ग धरला, कारण तिथल्या गव्हावर रोग वाढला नाही तर वाऱ्याला वाहून आणायला बीजाणूच उरत नाहीत. म्हणजे हवा काय घेऊन येणार, हेही पुष्कळसे कोणीतरी पेरलेल्या वाणावरच ठरते.

ढगाळ
हा मुद्दा मी नाकारत नाही. पण शेतकऱ्याच्या हाती निलगिरी नसते, पेरणीची तारीख असते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाचे दाणे भरतात तेव्हा थंडी टिकून असते. डिसेंबरात पेरलेला गहू त्याच अवस्थेत उन्हात आणि काळ्या तांबेऱ्याला मानवणाऱ्या तापमानात सापडतो. वाण तोच राहूनही हवा बदलते, ती अशी. माझा ऊस यंदा उशिरा तुटणार असल्याने पेरणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर जाईल. आता वाणाचे नाव आपणच सांगा.

गोदाकाठ
फुले समाधान (एनआयएडब्ल्यू-१९९४) घ्या. त्याची शिफारस वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी आहे. मात्र १५ डिसेंबर ओलांडू नका, आणि फेब्रुवारीत बांधाकडेची पाने उलटून पाहायला विसरू नका.