मिठाशिवाय ढग नाही?

निळाई: काल खलाशी यांनी ठणकावून लिहिलं, 'समुद्राच्या मिठाशिवाय ढग बनूच शकत नाही.' वाचून राहवलं नाही. पाण्याला धरायला कण लागतो, हे खरं. कणच नसतील तर आर्द्रता 400 टक्क्यांच्या आसपास जावी लागते. पण तो कण मिठाचाच हवा, हे कुठून आलं? सल्फेट (गंधकाचे कण), धूर, सेंद्रिय कण यांच्यावरही ढग धरतात. 2017 च्या एका अभ्यासात बहुतेक महासागरांवरही ढगबीजांत, म्हणजे ढग धरणाऱ्या या कणांत, समुद्री तुषारांचा वाटा 30 टक्क्यांहून कमी निघाला. दूर दक्षिणेचा समुद्र तेवढा अपवाद.

खलाशी: टक्केवारीने पाऊस पडत नाही. मी जहाजावर नोकरी केली आहे. वारा चढला की काचांवर मिठाचा थर बसतो, पुसून हात दुखतात. ते सगळं वर जात नाही म्हणता?

निळाई: काचेवर बसतात ते जड तुषार. बुडबुडे फुटून उडणारे बारीक कण वेगळे, ते डोळ्यांना दिसतही नाहीत.

अभ्रक: दोघंही संख्येवर अडलात. ढगाचा थेंब साधारण 10 मायक्रोमीटरचा, पावसाचा 1 मिलिमीटरचा. म्हणजे एका सरीच्या थेंबात दहा लाख ढगथेंब. मिठाचे मोठे कण मोजकेच, पण 75 टक्के आर्द्रतेलाच विरघळून फुगतात आणि पुढे बाकीच्या थेंबांना गिळत खाली येतात.

दर्यासारंग: म्हणूनच पृथ्वी थंड ठेवायला समुद्राचं पाणी फवारून ढग उजळवायची टूम निघाली! 1990 मध्ये ढगांचे अभ्यासक जॉन लॅथम यांनी ती मांडली. पाऊस हलला तर भरपाई कोण देणार?

अभ्रक: तिथे मुद्दाम बारीक कण सोडतात. थेंब पुष्कळ आणि लहान झाले की ढग जास्त ऊन परतवतो. जहाजांच्या धुरातलं गंधक नकळत हेच करत होतं. 2020 पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यावर आली आणि जहाजांमागच्या ढगरेषा विरळ झाल्या.

दर्यासारंग: नकळत घडलं ते वेगळं, ठरवून करणं वेगळं! आकाश कुणाच्या मालकीचं नाही. आधी कुणाला विचारलंत ते सांगा.

अभ्रक: माझ्यावर कशाला ओरडता? मी फवारणीची बाजू घेतलेली नाही, कारण सांगितलं.

निळाई: धागा मिठाचा आहे! खलाशी, पाऊस पाडण्यात मिठाचा हात आहे, एवढं मान्य. तुमचं ते वाक्य मात्र बदला.

खलाशी: 'मिठाशिवाय'च्या जागी 'कणाशिवाय' लिहितो. पण भर दर्यात लाटा फुटत असताना मीठ गौण म्हणायला मी तयार नाही.