एफवाय बीएससी फिजिक्स: शिकवण्याची पद्धत बदलते आहे, पोर्शनचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका कॉलेजात मी एफवायला फिजिक्स शिकवते. वर्गात ऐंशी-नव्वद मुलं, बहुतेक दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. मेकॅनिक्सचा पेपर दोन क्रेडिटचा, म्हणजे सत्राला ३० तास.

गेल्या वर्षी सहज विचारलं, एसटी आणि मोटरसायकल समोरासमोर धडकल्या तर कुणाचं कुणावर बल जास्त? सगळा वर्ग म्हणाला, "एसटीचं!" खरं तर दोन्हींचं एकमेकांवरचं बल सारखंच असतं, तिसरा नियम तेच सांगतो. याच मुलांनी आदल्या आठवड्यात न्यूटनचा तिसरा नियम शब्दन् शब्द लिहून पूर्ण मार्क घेतले होते. घरी जाऊन ते पेपर पुन्हा काढून बसले. इतकी वर्षं मी नेमकं काय तपासत होते, तेच कळेना.

मग वाचायला लागले. हार्वर्डच्या एरिक मॅझर यांनी १९९१ पासून अशाच अनुभवानंतर पद्धत बदलली. संकल्पनेवर एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३४ टक्के नापास, मुलांना विचार करायला लावणाऱ्या वर्गात २२ टक्के.

या सत्रात करून पाहिलं. चार रंगांचे पुठ्ठे कापले, अ-ब-क-ड साठी. आपसात मराठीत बोला म्हटलं आणि वर्गाला कंठ फुटला. एरवी मान वर न करणारी एक मुलगी शेजारणीला सांगत होती, "अगं, बल सारखंच, पण मोटरसायकलचं वजन कमी म्हणून ती उडते." ते ऐकून फार बरं वाटलं.

पण एका प्रश्नाला पंधरा मिनिटं जातात आणि पोर्शन मागे पडलाय. काही मुलांनी एचओडी सरांकडे तक्रार केली, "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात." हार्वर्डमध्येच २०१९ साली हे दिसलं होतं: अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं कमी शिकलो. आमच्या मुलांना हे कसं समजावू? त्यात विद्यापीठाच्या पेपरला डेरिव्हेशनच (सूत्रं पायरीपायरीने सिद्ध करणं) येतात, त्यामुळे त्यांची भीती मला खोटी वाटत नाही.

संलग्न कॉलेजात कुणी हे केलं असेल तर सांगा. डेरिव्हेशन घरी वाचायला दिली तर मुलं खरंच वाचून येतात का? इंटर्नलच्या मार्कांत असे प्रश्न घालायला विभागाची संमती कशी मिळवलीत? आणि मराठीत तयार केलेले प्रश्न कुणाकडे आहेत का? चुकीचे पर्यायही मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून आलेले हवेत, ते सुचायलाच मला सर्वात वेळ लागतो.

पुढच्या सोमवारी रोटेशनल मोशन सुरू करतेय, सहा तास आहेत. निदान तेवढ्या भागासाठी काय ठेवू आणि काय वगळू, एवढं तरी सुचवा.