पोटभाडेकरू ठेवावा का?

नमस्कार मंडळी,
माझ्या छपाईच्या गाळ्यात पूर्वी दोन मशिनं होती, आता एकच चालतं. १२०० चौरस फुटांतला मागचा भाग रिकामा पडलाय आणि भाडं मात्र सगळ्याचं भरतोय. मंडळातलेच एक जण ऑनलाइन विक्रीचा माल ठेवायला ती जागा मागताहेत. माणूस ओळखीचा, तेव्हा तोंडीच ठरवून भाडं निम्मं-निम्मं करावं म्हणतोय. कुणाला अनुभव?

प्रति:
दादा, तोंडी नको. ओळखीचा आहे म्हणून तर नकोच!
मी हे भोगलंय. आमच्या जागामालकाच्या मॅनेजरने "चालेल की" म्हटलं, मी मैत्रिणीला शिवणकामाला कोपरा दिला. सहा महिन्यांनी मॅनेजर बदलला आणि नवीन साहेबांची थेट नोटीस. दाखवायला हाती कागद काय? काहीच नाही.

आधी तुमचा भाडेकरार काढा. बहुतेक करारांत मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवला तर करारच रद्द होऊ शकतो. जागा कशासाठी वापरायची हेही त्यात लिहिलेलं असतं. छपाईच्या जागेत गोदाम चालेल का, ते विचारून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. कागद आणि शाईच्या शेजारी दुसऱ्याचा माल आहे हे लपलं, तर आग लागल्यावर दावा अडकतो.

आणि एक लक्षात ठेवा, त्याने भाडं थकवलं तरी मालक तुमचाच गळा धरणार. त्याने भिंत फोडली तरी कापलं जाईल ते तुमचंच डिपॉझिट. म्हणून त्याच्याकडून वेगळं डिपॉझिट घ्या, आणि त्याची मुदत तुमच्या मुदतीच्या आधी संपू द्या.

प्रति:
ताईंचं सगळं पटलं, पण निम्मं-निम्मं कुठून आलं? समजा त्याला ३०० फूट दिले आणि २०० फूट दोघांचे सामायिक, म्हणजे ये-जा, माल उतरवणं, संडास. उरले १०००. त्यातले ३०० त्याचे, म्हणजे भाड्याचा ३० टक्के वाटा. वीज मात्र यात धरू नका. मशीन तुमचं, त्याचे दोन दिवे. सब-मीटर बसवा, नाहीतर दर महिन्याला बिलावरून तोंडं फुगतील.

प्रति:
करार काढून वाचला, पहिल्यांदाच नीट वाचला म्हणा ना. लेखी परवानगी हवीच. वर असंही कलम आहे की पोटभाडं मागितलं, तर मालक तेवढा भाग स्वतःच परत घेऊ शकतो!

प्रति:
मग बिघडलं काय? तुम्हाला तो भाग नकोच आहे. फक्त तेवढं भाडं कमी होईल आणि पार्टिशनचा खर्च तुमच्यावर येणार नाही, हे लिहून घ्या.

प्रति:
हे सुचलंच नव्हतं. मालकाला उद्या पत्र टाकतो. आपल्या मित्राला "लेखी करू" म्हटल्यावर तो जरा फुरंगटला होता. ३० टक्के ऐकल्यावर शनिवारी स्वतःच टेप घेऊन येतोय.